खोक्यासकट पेढे : डेटा सेंटरच्या कायद्यातला एक भागाकार

मिठाईच्या दुकानात पेढे खोक्यासकट तोलले की आपण हुज्जत घालतो, कारण पेढ्यांच्या भावाने पुठ्ठा विकत घेण्याची आपली तयारी नसते. डेटा सेंटरच्या विजेचा हिशेबही याच धर्तीवर मांडला जातो. सर्व्हर, डेटा साठवणारी उपकरणे आणि नेटवर्क यांना लागणारी वीज म्हणजे पेढे. वातानुकूलन, यूपीएसमध्ये वाया जाणारी वीज आणि दिवे हे खोके. इमारतीच्या एकूण विजेला उपकरणांच्या विजेने भागले की येणाऱ्या आकड्याला ‘पॉवर यूसेज इफेक्टिव्हनेस’, म्हणजेच पीयूई म्हणतात. तो २ असेल तर खोके पेढ्यांइतकेच जड, आणि १ असेल तर खोके नाहीच. ‘पीयूई १.२, म्हणजे अत्यंत कमी वीज खाणारे केंद्र’ अशी वाक्ये हल्ली उद्योगपानांवर सर्रास दिसतात. त्यांतले ‘म्हणजे’ चुकीचे आहे.

चूक केवळ जाहिरातीपुरती असती तर सोडून देता आली असती, परंतु हा आकडा आता कायद्यात जाऊन बसला आहे. १८ नोव्हेंबर २०२३ रोजी अमलात आलेल्या जर्मनीच्या ऊर्जा कार्यक्षमता कायद्याने १ जुलै २०२६ पासून सुरू होणाऱ्या डेटा सेंटरना दोन वर्षांच्या आत पीयूई १.२ वर आणण्याचे बंधन घातले, आणि जुन्या केंद्रांसाठी २०२७ पासून १.५ व २०३० पासून १.३ अशी मर्यादा ठरवली.

आता गंमत पाहा. प्रत्येक सर्व्हरच्या पोटात छोटे पंखे असतात आणि त्यांची वीज सर्व्हरच्याच तारेतून जात असल्यामुळे ती ‘पेढ्यां’त मोजली जाते. चालू सर्व्हरच्या रांगेमागे हात धरला तर गरम हवेचा झोत लागतो आणि शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते. हा सारा उद्योग त्या पंख्यांचा. खोलीचे तापमान वाढवले की वातानुकूलनाची वीज वाचते, मात्र एका मर्यादेपुढे चिप थंड राखण्यासाठी पंखे अधिक वेगाने फिरू लागतात. पंख्याचा वेग दुप्पट झाला की दर सेकंदाला दुप्पट हवा ढकलली जाते, आणि त्या हवेच्या प्रत्येक किलोला द्यावी लागणारी गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे, म्हणजे चौपट होते. दोन्हींचा गुणाकार आठ. पंख्याची वीज अशी वेगाच्या घनाप्रमाणे वाढत असल्याने वेग नुसता सव्वापट झाला तरी ती जवळजवळ दुप्पट होते.

समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. उपकरणांना १०० युनिट लागतात, त्यांपैकी ८ पंख्यांचे. खोक्याला ३० युनिट. एकूण १३०, पीयूई १.३०. तापमान वाढवल्यावर खोके २४ युनिटांवर आले आणि पंखे सव्वापट वेगाने फिरू लागले, तर त्यांचे ८ युनिट १५.६ होतात, उपकरणांची वीज १०७.६ आणि एकूण १३१.६. पीयूई घसरून १.२२ झाला, गणनाकार्य तेवढेच राहिले, आणि विजेचे बिल मात्र वाढले. पुठ्ठ्याचा एक तुकडा पेढ्यांत मोजल्याचा हा परिणाम. तापमानवाढ सरसकट वाईट, असा याचा अर्थ नव्हे. अमेरिकेतील ॲश्रे ही वातानुकूलन अभियंत्यांची संस्था १८ ते २७ अंश सेल्सिअस हवा सुचवते, आणि सोळा-सतरा अंशांवर कुडकुडणाऱ्या खोल्यांना चार-सहा अंश वर नेल्यास वीज खरोखरच वाचते.

याच कायद्याने केंद्रांची वीज २०२७ पासून शंभर टक्के अक्षय स्रोतांची असावी असे म्हटले, पण तीही हिशेबापुरती चालते. वारा पडलेल्या रात्री तारेतून आलेली वीज कोळशाची असली तरी प्रमाणपत्र हिरवेच राहते. सर्व्हर रूमच्या दाराला लिंबू-मिरची टांगणाऱ्यांना आपण हसतो, मात्र या कागदापुढे हात जोडतो. बाहेर पडणाऱ्या उष्णतेपैकी काही हिस्सा वापरण्याची अट मला अधिक प्रामाणिक वाटते. ती उष्णता जेमतेम तीस-चाळीस अंशांची असल्याने उष्णतापंपाने वर चढवावी लागते हे खरे, पण फ्रँकफुर्टच्या गॅलुस भागातील सुमारे १,३०० घरांचा नवा गृहप्रकल्प शेजारच्या डेटा सेंटरच्या उष्णतेवर उबदार ठेवण्याची योजना याच मार्गाने आखली गेली.

युरोपीय संघाने ५०० किलोवॉट व त्याहून मोठ्या केंद्रांना दरवर्षी भरायला लावलेला तक्ता या भागाकाराची लबाडी थोडीफार उघडी पाडतो, कारण त्यात एकूण वीज, सर्व्हरकडे जाणाऱ्या हवेचे ठरवलेले तापमान आणि वापरलेले पाणी वेगवेगळे सांगावे लागते. जानेवारीत बाहेरची हवा शून्याच्या आसपास असणाऱ्या फ्रँकफुर्टचा १.२ हा आकडा उद्या कोणी ऐरोली-महापेच्या केंद्रांना तसाच लावायचे म्हटले, तर यांतला पाण्याचा रकाना सर्वांत आधी वाचावा लागेल. तिथल्या दमट उकाड्यात पीयूई खाली आणण्याचा सरळ मार्ग कूलिंग टॉवरचा, म्हणजे माठासारखे पाणी उडवून थंड होण्याचा, आणि एक युनिट उष्णता अशी घालवायला सुमारे दीड लिटर पाणी वाफ होऊन जाते. ते पाणी पीयूईच्या अंशात नाही आणि छेदातही नाही.