फेल्व्ही की एफआयव्ही? टक्केवारी सारखी, मांजरं वेगळी

दवाखान्यातली ती चाचणी दिसायला अगदी साधी असते. तळहातावर मावेल असा प्लॅस्टिकचा तुकडा, त्याला एक खळगा, खळग्यात मांजराच्या रक्ताचे काही थेंब. दहाएक मिनिटांत खिडकीत ठिपके उमटू लागतात. एक ठिपका चाचणी नीट चालल्याची खूण, बाकीच्या जागा फेल्व्ही (FeLV) आणि एफआयव्ही (FIV) या मांजरांच्या दोन विषाणूंच्या. घोळाची सुरुवात इथूनच होते. दोन्ही एकाच पट्टीवर तपासले जातात, नावं कानाला सारखी लागतात, दोन्ही रेट्रोव्हायरस, म्हणजे आपली प्रत पेशींच्या डीएनएमध्ये घुसवणारे विषाणू, दोन्ही प्रतिकारशक्तीच्या मुळावर उठणारे. घरी येईपर्यंत आपल्या मांजराला नक्की काय झालंय, हे अर्ध्या लोकांना सांगता येत नाही.

त्यात भर म्हणजे आकडे. अमेरिका आणि कॅनडात २००४ साली अठरा हजारांहून जास्त मांजरं तपासली गेली, तेव्हा फेल्व्हीची लागण २.३ टक्के मांजरांत सापडली आणि एफआयव्हीची २.५ टक्क्यांत. पुढे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, बासष्ट हजारांवर मांजरांच्या पाहणीत हेच आकडे ३.१ आणि ३.६ निघाले. बघणाऱ्याला वाटतं, जुळी भावंडंच आहेत ही. शंभरातल्या दोनतीन मांजरांना हा, दोनतीन मांजरांना तो.

पण ती दोनतीन मांजरं कोणती, हे विचारलं की साम्य संपतं.

फेल्व्ही म्हणजे मांजरांच्या ल्युकेमियाचा विषाणू. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला विल्यम जॅरेट आणि सहकाऱ्यांनी तो १९६४ साली शोधला. एकाच घरातल्या मांजरांना एकामागून एक गाठींचा कर्करोग होत होता, त्यावरून त्यांना संसर्गाचा संशय आला. ल्युकेमिया हे नाव तेव्हा चिकटलं ते चिकटलंच, आणि माझ्या मते या नावानं फायद्यापेक्षा गोंधळच जास्त केला. लागण झालेल्या मांजराला रक्ताचा कर्करोग होईलच असं नाही. रक्तक्षय आणि खचलेली प्रतिकारशक्ती यांनीच जास्त मांजरं जातात. हिरड्या पांढऱ्या पडलेलं, वजन उतरलेलं, साध्या सर्दीतूनही न सावरणारं तरुण मांजर दिसलं की डॉक्टरांच्या मनात आधी फेल्व्ही येतो.

हा विषाणू लाळेतून भरपूर बाहेर पडतो. एकमेकांना चाटणं, एका ताटलीत खाणं, एका भांड्यातलं पाणी पिणं, एवढ्यानंही तो पसरतो. आईकडून पिल्लांना गर्भात किंवा दुधातून मिळतो. चाव्यातूनही जातो. म्हणून त्याला कुणी मायाळू मांजरांचा आजार म्हणतात. पिल्लं त्याला सगळ्यात सहज बळी पडतात आणि वय वाढेल तशी लागण होण्याची शक्यता घटते, जरी ती कधीच शून्यावर येत नसली तरी.

एफआयव्हीचं गणित उलटं. नावातच मांजरांची प्रतिकारशक्ती खचवणारा विषाणू असा अर्थ असलेला तो १९८६ साली कॅलिफोर्नियात नील्स पेडरसन आणि जॅनेट यामामोटो यांना सापडला, म्हणजे फेल्व्हीच्या बावीस वर्षांनी. माणसांच्या एचआयव्हीच्याच गटातला, म्हणून लोक त्याला मांजरांचा एड्स म्हणतात आणि विनाकारण घाबरतात. तो माणसाला होत नाही. फेल्व्हीही होत नाही. एफआयव्ही पसरतो मुख्यतः खोल चाव्यातून. ताटली एक असल्यानं किंवा एकमेकांना चाटल्यानं तो सहसा जात नाही, आईकडून पिल्लांकडेही क्वचितच. तेव्हा तो कुणात सापडणार? कान फाटलेला, गालफडं रुंद झालेली, नाकावर जुने ओरखडे असलेला, हद्दीसाठी रात्रभर भांडणारा, नसबंदी न झालेला बोका. जितकं वय जास्त तितके चावे जास्त, आणि तितकी लागणीची शक्यता जास्त.

म्हणजे तीन टक्क्यांच्या आकड्यात एका बाजूला अशक्त पिल्लं आणि दाटीवाटीनं एकत्र राहणारी मांजरं आहेत, दुसऱ्या बाजूला भांडखोर मोठे बोके. दोन्ही गटांत असणारीही काही असतातच, कारण भांडण करणारं मांजर दोन्ही विषाणूंच्या वाटेत येतं. चाव्याच्या जखमा किंवा गळू घेऊन दवाखान्यात आलेल्या मांजरांच्या एका अमेरिकी पाहणीत जवळपास पाचातलं एक मांजर दोनपैकी निदान एका विषाणूसाठी पॉझिटिव्ह निघालं होतं. कुठे तीन आणि कुठे वीस! आजारी, अगदी लहान किंवा इतर कारणांनी धोक्यात असलेल्या मांजरांत फेल्व्हीचं प्रमाण तीस टक्क्यांपर्यंत चढू शकतं. घरातच वाढलेल्या, बाहेर न जाणाऱ्या, एकट्या मांजराच्या बाबतीत ते सरासरीच्या बरंच खाली असतं. भूगोलानंही फरक पडतो. युरोपातल्या बत्तीस देशांत सहा हजारांवर मांजरांची लाळ तपासली, तेव्हा फेल्व्हीचं एकंदर प्रमाण २.३ टक्के आलं, पण दक्षिण युरोपात ते त्याच्या दुपटीहून जास्त होतं. त्यामुळे ‘फेल्व्ही किती मांजरांना असतो’ या प्रश्नाला एकच आकडा उत्तर म्हणून देणाऱ्यावर माझा फारसा विश्वास बसत नाही.

आता चाचणीकडे परत येऊ, कारण खरी फसगत तिथेच होते. पट्टीवर ठिपके शेजारी शेजारी असले तरी ते वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. फेल्व्हीचा ठिपका विषाणूचं स्वतःचं प्रथिन पकडतो. विषाणू रक्तात असेल तरच तो उमटायला हवा. एफआयव्हीचा ठिपका पकडतो मांजराच्या शरीरानं तयार केलेल्या अँटीबॉडी, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिनं. एकात चोर सापडतो, दुसऱ्यात चोराच्या नावची तक्रार सापडते.

यातून काय घडतं, ते मी एका मैत्रिणीच्या घरी बघितलं. दहा आठवड्यांचं पिल्लू, एफआयव्ही पॉझिटिव्ह. तिनं ते वेगळ्या खोलीत ठेवलं, रडली, नेटवर काय काय वाचून काढलं. खरं तर आईला लागण असेल, किंवा तिला कधी एफआयव्हीची लस दिली असेल, तर तिच्या अँटीबॉडी दुधातून पिल्लात उतरतात आणि चाचणी त्यांनाच बघून हो म्हणते. सहा महिन्यांचं झाल्यावर परत तपासलं तर ते पिल्लू निगेटिव्ह! फेल्व्हीच्या बाबतीत असं होत नाही. आईच्या अँटीबॉडींचा त्या चाचणीवर परिणाम होत नाही, लसीचाही होत नाही, त्यामुळे पिल्लाचा फेल्व्ही पॉझिटिव्ह आला तर तो हलक्यात घेता येत नाही. एफआयव्हीच्या लसीनं मात्र मोठी मांजरंही पॉझिटिव्ह दिसू लागली होती. ती लस २००२ साली अमेरिकेत आली आणि पुढे तिथे मिळेनाशी झाली.

पण फेल्व्हीचा ठिपकाही डोळे झाकून मानायचा नाही, आणि त्याला कारण पुन्हा तेच, लागणीचं प्रमाण. हिशोब करून बघा. समजा एक हजार निरोगी दिसणारी मांजरं आहेत, त्यांतल्या वीसांना खरंच फेल्व्ही आहे. चाचणी त्या वीसही जणांना पकडते, पण लागण नसलेल्या शंभरांतल्या दोघांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. उरलेल्या ९८० मांजरांत अशी वीसच्या आसपास चुकीची निघतील. म्हणजे चाळीस पॉझिटिव्हांतली निम्मी खोटी. हीच चाचणी तीस टक्के लागण असलेल्या हजार आजारी मांजरांवर वापरली, तर ३०० खरी आणि १४ खोटी. चाचणी तीच, चूक तेवढीच, पण ठिपक्याचा अर्थ बदलला. म्हणून धडधाकट, घरकोंबड्या मांजराचा पॉझिटिव्ह आला की चांगला डॉक्टर लगेच निकाल देत नाही. दुसऱ्या प्रकारची चाचणी करतो. आणि अलीकडे संपर्क आला असेल तर निगेटिव्हही अंतिम नसतो. फेल्व्हीसाठी साधारण तीस दिवसांनी, एफआयव्हीसाठी साठ दिवसांनी पुन्हा तपासावं लागतं.

फेल्व्हीत आणखी एक लपाछपी आहे. लागण झालेली काही मांजरं विषाणूला पूर्ण परतवतात. काहींत तो दबतो, पण त्याची प्रत पेशींच्या डीएनएमध्ये बसून राहते. रक्तात प्रथिन नसल्यानं पट्टी निगेटिव्ह दाखवते, विषाणूची जनुकं शोधणारी पीसीआर चाचणी केल्यावर तो सापडतो. स्वित्झर्लंडमध्ये अशी तपासणी केली तेव्हा पट्टीवर दिसणाऱ्यांखेरीज आणखी सुमारे दहा टक्के मांजरांत हा लपलेला विषाणू मिळाला. तेव्हा २-३ टक्के हा आकडा ज्यांच्या रक्तात विषाणू फिरतोय त्यांचा. ज्यांची त्याच्याशी कधीतरी गाठ पडली, त्यांची संख्या बरीच मोठी.

निदानानंतरच्या वाटाही वेगळ्या होतात. ज्या मांजरात फेल्व्ही दबत नाही, वाढतच जातो, ते बहुधा काही वर्षांतच जातं. एफआयव्ही असलेली कितीतरी मांजरं वर्षानुवर्षं धडधाकट राहतात आणि म्हातारपणी भलत्याच कारणानं मरतात, अधूनमधून हिरड्यांचं दुखणं तेवढं सांभाळावं लागतं. घरातल्या बाकीच्यांचा विचारही त्यामुळे वेगळा. एफआयव्ही असलेला बोका नसबंदी करून, ओळखीच्या आणि भांडण नसलेल्या मांजरांबरोबर बहुधा ठेवता येतो. फेल्व्ही असलेलं मांजर निगेटिव्ह मांजरांपासून वेगळं ठेवावं लागतं, ताटली आणि पाण्याचं भांडंसुद्धा वेगळं, आणि बाकीच्यांना फेल्व्हीची लस द्यावी लागते. हा विषाणू मांजराच्या शरीराबाहेर फार तग धरत नाही, साबणानं मरतो. त्यामुळे भांडी धुतली तर पुरे, अख्खं घर फिनेलनं पुसायची गरज नाही.