हिमोफिलिया: आतल्या आत होणारा रक्तस्राव

हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, म्हटलं की टाचणी टोचली तरी भळाभळा वाहणारं रक्त डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात दाढी करताना थोडं कापलं, तर या रुग्णांचं रक्तही बहुधा आपल्यासारखंच थांबतं. छोट्या जखमेवर पहिला बोळा बसतो तो प्लेटलेट्स या रक्तातल्या चिमुकल्या पेशींचा, आणि हिमोफिलियात प्लेटलेट्स ठणठणीत असतात. बिघाड असतो पुढच्या पायरीवर.

प्लेटलेट्सचा बोळा कच्चा असतो. तो टिकायचा तर त्यावर फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांची जाळी विणली जावी लागते. रक्तातले ‘फॅक्टर’, म्हणजे रक्त गोठवणारी, क्रमांकांनी ओळखली जाणारी प्रथिनं, एकामागून एक जागे होतात, तेव्हा कुठे ही जाळी तयार होते. यात दहाव्या फॅक्टरला जागं करणारा नववा. आठवा त्याचा मदतनीस, पण असा की त्याच्यामुळे कामाचा वेग हजारो पटींनी वाढतो. आठवा कमी पडला तर हिमोफिलिया ‘ए’, नववा कमी पडला तर ‘बी’. जोडीतला कुणीही गैरहजर असो, काम अडतंच. म्हणून दोन्हींची लक्षणं सारखी. रक्त जास्त जोरात वाहत नाही, जास्त वेळ वाहत राहतं.

या दोन्ही फॅक्टरची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. मुलाकडे एक्स एकच, त्यामुळे त्यातला दोष झाकायला दुसरा नसतो. दोष आलेल्या मुली बहुधा वाहक असतात, म्हणजे स्वतः आजारी न पडता तो पुढच्या पिढीला देऊ शकतात. पण ‘नुसती वाहक’ हा शब्द फसवा आहे: काहींच्या रक्तातही फॅक्टर कमी असतो आणि मासिक पाळीत अतिरक्तस्राव होतो. शिवाय सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात हा आजार आधी कुणालाच नसतो, दोष नव्यानेच उद्भवलेला असतो. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाच्या बाबतीतही असंच घडलं असावं. तिचा मुलगा लिओपोल्ड १८८४ मध्ये पडल्याचं निमित्त होऊन गेला. रशियाचा राजपुत्र अलेक्सी तिचा पणतू. त्याला ‘बी’ प्रकार होता, हे अस्थींमधल्या डीएनएवरून २००९ मध्ये सिद्ध झालं.

फॅक्टरचं प्रमाण १ टक्क्याहून कमी असेल तर आजार तीव्र, आणि मग रक्तस्रावाला मार लागायचीही गरज उरत नाही. मेंदूतला रक्तस्राव सर्वांत जीवघेणा. पण रोजचं दुखणं गुडघा, घोटा आणि कोपराचं. सांध्याच्या आतल्या नाजूक अस्तरातून रक्त झिरपतं, सांधा फुगतो, तापतो, वाकवता येत नाही. साचलेल्या रक्तातल्या लोहाने अस्तर सुजून जाड होतं, त्यात नव्या ठिसूळ रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांतून पुन्हा रक्त येतं. या चक्रात कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झिजते. विशीतल्या मुलाचा गुडघा म्हाताऱ्यासारखा कुरकुरू लागतो.

उपचार म्हणजे नसलेला फॅक्टर शिरेतून देणं, तोही नियमित, कारण आठवा फॅक्टर साधारण बारा तासांत निम्म्यावर येतो. तीव्र ‘ए’ प्रकारातल्या जवळपास ३० टक्के रुग्णांचं शरीर या बाहेरच्या फॅक्टरलाच शत्रू मानून प्रतिपिंडं तयार करतं. एमिसिझुमॅब हे औषध अशांनाही चालतं. ते आठव्याची जागा घेऊन नवव्याला दहाव्याशी जोडतं. ॲस्पिरिन मात्र टाळायचं, कारण ते धडधाकट प्लेटलेट्सनाही निकामी करतं.

सूज दिसण्याआधीच अनेक रुग्णांना सांध्यात मुंग्या आल्यासारखं किंवा ऊबदार वाटतं. बाहेरून काहीच दिसत नसतं, एक्स-रेमध्येही नाही. जाणकार डॉक्टर अशा वेळी रुग्णाच्या शब्दावर भरवसा ठेवून आधी फॅक्टर देतात, तपासण्या मागाहून करतात.