बिशपांची वृत्तसंस्था आणि ‘अधिकृत’ या शब्दाचा गुंता

अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या काळात, एक राष्ट्रीय मंडळ उभं केलं. युद्ध संपल्यावर ते मोडीत न काढता १९१९ मध्ये कायमचं केलं आणि पुढच्याच वर्षी त्याच्या छत्राखाली वृत्तसेवा सुरू झाली; तीच पुढे ‘कॅथलिक न्यूज सर्व्हिस’ (सीएनएस) म्हणून ओळखली गेली. तिचे मुख्य ग्राहक म्हणजे धर्मप्रांतांची, म्हणजे एकेका बिशपच्या अखत्यारीतल्या भागांची, साप्ताहिकं. एकट्या साप्ताहिकाला रोमला वार्ताहर ठेवणं परवडत नाही. वर्गणी भरली की एकच बातमी सगळ्यांना मिळे. १९५० मध्ये रोमला कार्यालय उघडलं आणि या व्यवस्थेचा कणा तयार झाला.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या रोममधल्या महासभेत, रोमच्या कार्यालयाचा खरा कस लागला. १९६२ च्या पहिल्या सत्रात पत्रकारांच्या हाती कोरडी निवेदनंच पडत. सभागृहात कोण काय बोललं हे अधिकृतपणे कळायला मार्गच नव्हता. १९६३ पासून अमेरिकी बिशपांनी तज्ज्ञांचं पॅनेल बसवलं आणि प्रश्नांना उत्तरं मिळू लागली. व्हॅटिकन परिषदेने त्याच वर्षी ४ डिसेंबरला संमत केलेल्या प्रसारमाध्यमांविषयीच्या आदेशात वृत्तपत्रांचा आणि वृत्तसंस्थांचाही विचार केलेला आहे.

पण या संस्थेची ओळख करून देताना हमखास चुकतो तो ‘अधिकृत’ हा शब्द. यात तीन वेगळ्या गोष्टी एकात मिसळतात. पहिली, मालकी: ती अमेरिकी बिशपांच्या परिषदेची, म्हणजे त्याच राष्ट्रीय मंडळाच्या पुढच्या रूपाची, होती. दुसरी, नाव: कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या, म्हणजे १९८३ च्या धर्मसंहितेच्या, कलम २१६ नुसार सक्षम धर्माधिकाऱ्यांच्या संमतीशिवाय कोणत्याही उपक्रमाने ‘कॅथलिक’ हे नाव लावायचं नाही. तिसरी, मत: बातमी म्हणजे बिशपांचं निवेदन नव्हे. निवेदन बिशपांच्या परिषदेच्या माध्यम कार्यालयातून निघतं, बातमी संपादकांच्या हातून. दोन्ही एकाच संस्थेतून येत असल्याने बाहेरचे पत्रकार बातमीतलं वाक्य सर्रास ‘चर्चचं म्हणणं’ म्हणून छापत. अर्थात ही भिंत तितकी भक्कम नव्हती, हेही मान्य करायला हवं. २०१६ मध्ये समलिंगी व पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांशी संबंधित कायद्यांवर मुख्य संपादकांनी केलेल्या ट्वीटवरून वाद झाला आणि त्यांना राजीनामा द्यायला सांगण्यात आलं.

रोजच्या कामात सर्वांत नाजूक भाग म्हणजे एम्बार्गो, अर्थात ठरलेल्या वेळेआधी बातमी न देण्याचं बंधन. पोपचं मोठं पत्र ठरलेल्या वेळेआधी पत्रकारांना मिळतं, ते वाचून बातमी तयार ठेवता यावी म्हणून. प्रसिद्ध करायचं मात्र घड्याळ पाहून. रोमची दुपार म्हणजे न्यूयॉर्कची पहाट, त्यामुळे अमेरिकी संपादकाला बातमी उठल्या उठल्या तयार हवी असते. २०१५ मध्ये पर्यावरणावरच्या, २४६ परिच्छेदांच्या पत्राचा एम्बार्गो १८ जूनच्या दुपारपर्यंत होता, पण एका इटालियन साप्ताहिकाने मसुदा १५ जूनलाच संकेतस्थळावर टाकला. त्या साप्ताहिकाच्या पत्रकाराची व्हॅटिकनमध्ये वार्तांकन करण्याची मान्यता निलंबित झाली. बाकीच्यांपुढे पेच उरला: फुटलेल्या मसुद्यावर लिहायचं, की अंतिम मजकुराची वाट पाहायची? मसुदा आणि अंतिम पाठ यांत एका शब्दाचाही फरक असेल, तर घाईत छापलेलं अवतरण पोपच्या तोंडी चुकीचं बसतं. वाट पाहणारे मागे पडतात, पण माझ्या मते तेच बरोबर.

धर्मप्रांतांची छापील साप्ताहिकं कमी होत गेली, तशी वर्गणीही आटली. मे २०२२ मध्ये बिशपांच्या परिषदेने वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कची कार्यालयं वर्षअखेरीस बंद करण्याचा निर्णय जाहीर केला; रोमचं मात्र ठेवायचं ठरलं. या निर्णयाचे समर्थक म्हणतात, पोपच्या बातम्यांना दुसरा पर्याय नव्हता आणि देशांतर्गत बातम्या इतरही देतात. हे अर्धंच खरं. छोट्या धर्मप्रांतातल्या शाळेच्या, न्यायालयातल्या खटल्याच्या किंवा बिशपांच्या बैठकीतल्या मतभेदांच्या बातम्या नेमाने देणारं शंभर वर्षांचं जाळं एका घोषणेत सुटलं. एका जुन्या कॅथलिक प्रकाशन संस्थेने वितरणाची डिजिटल यंत्रणा विकत घेतली आणि १ जानेवारी २०२३ पासून स्वतःची वृत्तसेवा सुरू केली.

तेव्हापासून व्हॅटिकनच्या बातमीत गावाच्या नावापुढच्या कंसात जुन्या संस्थेची आद्याक्षरं असतात आणि देशातल्या बातमीत नव्या संस्थेचं नाव. अमेरिकी धर्मप्रांताच्या एकाच पानावर ही दोन्ही शेजारी-शेजारी दिसू शकतात.