आरेचा हॅशटॅग आणि त्यामागची पाच वर्षं

मुंबईच्या गोरेगावातल्या आरे या झाडीच्या भागाचं नाव देशभर गाजलं ते 4 ऑक्टोबर 2019 च्या रात्री. मेट्रो-3 मार्गाच्या कारशेडसाठीची, म्हणजे गाड्या ठेवण्याच्या आणि दुरुस्तीच्या जागेसाठीची वृक्षतोड रोखा, अशा याचिका मुंबई उच्च न्यायालयाने त्या दिवशी फेटाळल्या आणि अंधार पडताच करवती सुरू झाल्या. मोबाइलवर टिपलेले व्हिडिओ व्हॉट्सअॅप-ट्विटरवर फिरले आणि ते बघून माणसं रातोरात गोरेगावला धावली. दुसऱ्या दिवशी जमावबंदी लागली, 29 जणांना अटक झाली.

भांडण मात्र 2014 पासूनचं. 1949 मध्ये दुग्ध वसाहत म्हणून वसवलेल्या आरेत आदिवासींचे पाडे त्याच्याही आधीपासून आहेत. रहिवासी आणि कार्यकर्ते वर्षानुवर्षं मोर्चे काढत होते, कोर्टात खेटे घालत होते. प्रजापूर पाड्यातली कुटुंबं कारशेडसाठी हलवली गेली, तेव्हा कुठलाही ट्रेंड चालला नव्हता. झाडांचा फोटो लगेच पसरतो, आदिवासींचा जंगलजमिनीवरच्या हक्काचा दावा पसरत नाही. 'आरे वाचवा' म्हणणाऱ्या अनेकांपर्यंत पाड्यांचा प्रश्न पोचलाच नाही आणि मला हीच या मोहिमेची सर्वांत मोठी उणीव वाटते.

तरी तिची ताकद नाकारता येणार नाही. झाडं तोडायला परवानगी देणाऱ्या महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे हजारो हरकती गेल्या, त्यामागे समाजमाध्यमांवरची हाक होती. ऑक्टोबरमध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, सर्वोच्च न्यायालयाने त्यालाच याचिका मानलं आणि सुट्टी असूनही 7 तारखेला खंडपीठ बसवून तोड थांबवली. एरवी एखाद्या पत्राला इतकं महत्त्व मिळालं असतं, असं मला वाटत नाही. पण हवी होती तेवढी झाडं तोडून झाली आहेत, असं सरकारतर्फे त्याच सुनावणीत सांगण्यात आलं. परवानगी 2,185 झाडं तोडण्याची आणि 461 दुसरीकडे लावण्याची होती, त्यातली 2,141 तोवर तोडून झाली होती. हॅशटॅग देशभर गाजत असतानाच ती पडत होती.

पुढे गर्दी पांगली. अटक झालेल्यांवरचे गुन्हे मागे घेण्याचा आदेश नव्या सरकारने डिसेंबरमध्ये दिला. ऑक्टोबर 2020 मध्ये कारशेड कांजूरमार्गला हलवण्याची घोषणा झाली आणि 'आरे वाचलं' म्हणून अभिनंदनाचे संदेश फिरले. दोन महिन्यांत कांजूरच्या कामाला उच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली. ती जागा कोणाच्या मालकीची, हा रुक्ष वाद कोण शेअर करणार? 2022 मध्ये सरकार बदललं आणि कारशेड आरेत परतलं. आंदोलक पुन्हा रस्त्यावर उतरले, पण 2019 च्या त्या रात्रीइतका देश हलला नाही.

नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी 84 झाडांपुरती वाट मोकळी केली. मेट्रो महामंडळाने मागणी 177 वर नेली. एप्रिल 2023 मध्ये न्यायालयाने त्याबद्दल 10 लाखांचा दंड ठोठावला आणि 177 झाडांना परवानगीही दिली.