टिळकांना शिक्षा देणारा न्यायाधीश गोरा नव्हता

नाशिकमध्ये १ ऑगस्टच्या भाषणांत दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. १९०८ मध्ये लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा एका गोऱ्या न्यायाधीशाने दिली आणि त्यांचा खटला जिनांनी लढवला. दोन्ही चूक.

न्यायाधीश होते दिनशा दावर, मुंबईचे पारशी. आणि हेच दावर १८९७ च्या राजद्रोह खटल्यात टिळकांचे बॅरिस्टर होते! खालच्या कोर्टाने जामीन नाकारल्यावर त्यांनी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींकडून तो मिळवला. अकरा वर्षांनी जिनांनी दावरांसमोरच टिळकांचा जामीनअर्ज मांडला, तेव्हा त्यांनी तो फेटाळला. एका संपादकासाठी जामीन मिळवणाऱ्या वकिलाने त्याच संपादकाला जामीन नाकारावा, हे आजही खटकतं.

जिनांचं काम तिथेच संपलं. खटला टिळकांनी स्वतः लढवला. त्यांचं भाषण २१ तासांहून अधिक चाललं. ज्यूरीत नऊ जण होते, सात युरोपियन आणि दोन पारशी. निकाल ७ विरुद्ध २.

घोळ होतो तो १९१६ मुळे. बेळगाव-अहमदनगरच्या भाषणांवरून वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी टिळकांकडून २०,००० रुपयांचा जातमुचलका (स्वतःचं हमीपत्र) आणि प्रत्येकी १०,००० चे दोन जामीनदार मागितले गेले होते. तो हुकूम हायकोर्टात रद्द झाला, आणि तिथे जिना खरोखर त्यांचे वकील होते. भाषणात ही दोन सालं वेगळी ठेवा: १९०८ ला जिनांचा फक्त जामीनअर्ज, १९१६ ला वकिली आणि जीत.