‘वाइल्ड वाइल्ड कंट्री’तील माणसे : कोरेगाव पार्क ते ओरेगन

मार्च २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘वाइल्ड वाइल्ड कंट्री’ या सहा भागांच्या माहितीपटात मॅक्लेन आणि चॅपमन वे या भावांनी अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील रजनीशपुरम या भगवान रजनीशांच्या (पुढे ओशो) शिष्यांच्या वसाहतीची हकिगत मांडली. ओरेगनमधील इतिहास संस्थेने जपलेल्या शेकडो तासांच्या जुन्या चित्रफिती आणि मोजक्या माणसांच्या दीर्घ मुलाखती हा त्याचा आधार. आश्रमाच्या माजी सचिव मा आनंद शीला, ऑस्ट्रेलियाहून आलेल्या जेन स्टॉर्क, भगवान रजनीशांचे वकील फिलिप टोल्क्स ऊर्फ स्वामी प्रेम निरेन, वसाहतीजवळच्या अँटिलोप गावचे रहिवासी आणि सरकारी तपासाशी संबंधित अधिकारी त्यात बोलतात. कथानकाचा मोठा भाग १९८१ नंतरचा आहे. शीला आणि जेन यांची घडण मात्र पुण्यात झाली होती, आणि सुशिक्षित, प्रेमळ माणसे विषप्रयोगापर्यंत कशी पोहोचली हे समजून घ्यायचे असेल तर पुण्यातील सात वर्षे बाजूला ठेवता येत नाहीत.

रजनीश यांचा जन्म १९३१ साली मध्य प्रदेशातील कुचवाडा येथे झाला. जबलपूरला तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने १९६६ मध्ये नोकरी सोडली, १९७० मध्ये मुंबईत मुक्काम हलवला आणि त्याच वर्षी मनालीच्या शिबिरात पहिल्या शिष्यांना ‘नवसंन्यास’ दिला. संपत्ती, कुटुंब किंवा शरीरसुख सोडण्याची अट या संन्यासाला नव्हती. त्याऐवजी भगवी वस्त्रे, गुरूचे छायाचित्र असलेली १०८ मण्यांची माळ आणि गुरूने दिलेले नवे नाव एवढेच स्वीकारायचे होते. वरवर पाहता हा सौदा फारच हलका वाटतो. परंतु जुन्या नावाबरोबर जुनी ओळखही मागे पडते, आणि नवी ओळख देणाऱ्याच्या हाती ती काढून घेण्याचाही अधिकार राहतो, ही गोष्ट त्या वेळी फार थोड्यांच्या ध्यानात आली असावी.

१९७४ च्या मार्चमध्ये कोरेगाव पार्कात आश्रम उभा राहिला आणि युरोप-अमेरिकेतून हजारो माणसे पुण्यात येऊ लागली. त्यांत मानसोपचारतज्ज्ञ, वकील, डॉक्टर, कलावंत होते. पहाटेचे ध्यान, सकाळचे प्रवचन, संध्याकाळचे दर्शन आणि दिवसभर आश्रमाचे विनावेतन काम असा क्रम असे. पाश्चात्त्य धर्तीच्या गटोपचारांत राग, भीती आणि वासना मोकळ्या करायला लावत. त्यांतील काही गटांत हाणामारी होऊन माणसे जखमी झाल्यावर १९७९ मध्ये तेथील हिंसा थांबवण्यात आली. मुले होऊ न देण्याकडे गुरूचा कल असल्याने अनेक स्त्री-पुरुष शिष्यांनी निर्बीजीकरण करून घेतले. विरोध करणारा ‘अहंकारात अडकला आहे’ असे ठरवण्याची रीत येथेच रुळली, आणि पुढच्या साऱ्या प्रसंगांचे मूळ मला या रीतीत दिसते, कारण शंका हाच साधकाचा दोष ठरला की गैरकृत्याला आडवे येण्यासाठी लागणारी भाषाच उरत नाही.

शीला यांचा जन्म १९४९ साली बडोद्यात, एका पटेल कुटुंबात झाला. शिक्षणासाठी त्या अमेरिकेला गेल्या, तेथे त्यांचे लग्न झाले आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पतीसह त्या संन्यासी झाल्या. पुण्यात आश्रमाचा कारभार मुंबईच्या जैन कुटुंबातील लक्ष्मी ठाकरसी कुरुवा पाहत, आणि शीला त्यांच्या हाताखाली तयार झाल्या. जनता राजवटीत आश्रमाची करसवलत काढून घेण्यात आली, मोठ्या जमिनीचे प्रयत्न अडले आणि मे १९८० मध्ये प्रवचनाच्या वेळी रजनीशांवर चाकू फेकण्यात आला. लक्ष्मी भारतातच जागा शोधत असताना शीला यांनी अमेरिकेचा आग्रह धरला आणि १९८१ मध्ये सचिवपद त्यांच्याकडे आले. लक्ष्मी १९९५ मध्ये वारल्या. त्यामुळे त्यांची बाजू त्यांच्या तोंडून ऐकायला मिळत नाही, ही या कथनातील मोठी उणीव आहे.

१ जून १९८१ रोजी रजनीश अमेरिकेला गेले. जुलैमध्ये मध्य ओरेगनमधील ‘बिग मडी’ ही सुमारे ६४,००० एकरांची कुरणाची जमीन साडेसत्तावन्न लाख डॉलरला घेण्यात आली. ओरेगनमध्ये १९७३ पासून शेतजमीन राखणारा कडक कायदा होता आणि शेतजमिनीवर शहर वसवता येत नव्हते. म्हणून वसाहतीने स्वतंत्र नगराची नोंदणी केली आणि जवळच्या, जेमतेम चाळीस-पन्नास वस्तीच्या अँटिलोप गावात घरे विकत घेऊन तेथील नगरपरिषद मतदानाने जिंकली. निवृत्तीचे दिवस शांतपणे काढायला आलेल्या वृद्धांच्या गावाला ‘रजनीश’ हे नाव मिळाले. माहितीपटात त्या रहिवाशांच्या बोलण्यात परक्यांविषयीचा आकस जाणवतो. तरीही आपले गाव हातचे गेल्याचे त्यांचे दुःख खरे होते, आणि ही दोन्ही विधाने एकाच वेळी मान्य करावी लागतात.

रजनीश ऑक्टोबर १९८४ पर्यंत जाहीर मौनात होते आणि आदेश शीला यांच्यामार्फत येत. दिवसाला बारा-बारा तासांच्या श्रमाला ‘पूजा’ म्हटले जाई. आतल्या लोकांचे दूरध्वनी चोरून ऐकले जात. १९८४ च्या शरदात, वसाहत ज्यात होती त्या वास्को परगण्याची निवडणूक जिंकण्यासाठी इतर शहरांतून हजारो बेघर माणसे बसने आणण्यात आली, आणि मतदारांनी घरीच राहावे या हेतूने परगण्यातील द डॅल्स शहरातल्या दहा उपाहारगृहांच्या अन्नात साल्मोनेला जंतू मिसळण्यात आले. ७५१ माणसे आजारी पडली. सुरुवातीला सरकारी तपासाने हा दोष अन्न हाताळणाऱ्यांच्या अस्वच्छतेवर टाकला. सप्टेंबर १९८५ मध्ये शीला वसाहत सोडून गेल्या, रजनीशांनी स्वतःच त्यांच्यावर जाहीर आरोप केले आणि मग खरा प्रकार उघड झाला. शीला यांनी १९८६ मध्ये गुन्हे कबूल केले आणि सुमारे २९ महिने तुरुंगात काढले. रजनीशांनी इमिग्रेशनच्या खटल्यात तडजोड करून चार लाख डॉलरचा दंड भरला आणि देश सोडला. शीला यांनी जे केले त्यातले किती गुरूला ठाऊक होते, यावर शीला आणि निरेन यांची उत्तरे आजही परस्परविरोधी आहेत.

माझ्या मते या साऱ्यांत जेन स्टॉर्क यांची साक्ष सर्वांत मोलाची आहे. १९७८ मध्ये त्या पती व दोन मुलांसह पुण्यात आल्या आणि ‘मा शांती भद्रा’ झाल्या. जुलै १९८५ मध्ये त्यांनी रजनीशांच्या डॉक्टरला विषाची सुई टोचली. सरकारी वकील चार्ल्स टर्नर यांच्या हत्येच्या कटातही त्या होत्या. शिक्षा भोगून त्या जर्मनीत राहिल्या. अमेरिकेत मात्र टर्नर यांच्या हत्येच्या कटाचा खटला त्यांची वाट पाहत होता. मुलगा गंभीर आजारी पडल्यावर त्या आपणहून अमेरिकी न्यायालयापुढे उभ्या राहिल्या. आपण काय केले हे त्या कोणतीही सबब पुढे न करता सांगतात.

त्यांच्यासारख्या पालकांबरोबर आलेली मुले मात्र या माहितीपटात जवळपास दिसत नाहीत. पुणे, इंग्लंड आणि ओरेगन येथील वसाहतींत वाढलेल्या काही स्त्रियांनी बालपणी झालेल्या लैंगिक अत्याचारांविषयी उघडपणे बोलायला पुढे बराच काळ घेतला, आणि त्यांच्यावरचा स्वतंत्र माहितीपट २०२४ मध्ये आला.