आयएफकॉन्फिग कुठे गेली? लिनक्सवरच्या नेटवर्क कमांडची पार्श्वभूमी

सर्व्हरवर लिनक्सचं मोजकंच इन्स्टॉलेशन करावं, जुन्या पुस्तकात बघून आयएफकॉन्फिग (नेटवर्क कार्डाचा पत्ता बघायची-बदलायची कमांड) टाइप करावं आणि ‘अशी कमांडच नाही’ असं उत्तर यावं, हा अनुभव आता नेहमीचा झाला आहे. नवशिक्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. खरं तर कमांड मुद्दाम वगळलेली असते, आणि त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

१ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट हे इंटरनेटचं पूर्वज नेटवर्क टीसीपी/आयपीवर, म्हणजे आजही इंटरनेट ज्यावर चालतं त्या नियमांवर गेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्कली विद्यापीठाने ४.२ बीएसडी हे युनिक्स दिलं. सॉकेट (प्रोग्रामला नेटवर्कशी जोडणारी सोय), आयएफकॉन्फिग, नेटस्टॅट (चालू जोडण्या दाखवणारी कमांड), टेलनेट (दूरच्या यंत्रावर लॉगिन करायची कमांड) ही सगळी मंडळी त्यातूनच जगभर पोचली. डिसेंबरमध्ये अमेरिकी लष्कराच्या मेरिलँडमधल्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत माइक म्यूस यांना नेटवर्क विचित्र वागताना दिसलं, म्हणून त्यांनी एका संध्याकाळीत पिंग लिहून काढलं. समोरच्या यंत्राला आयसीएमपीचा (नेटवर्कची खबरबात देणाऱ्या संदेशांच्या पद्धतीचा) प्रतिध्वनी मागायचा आणि तो यायला किती वेळ लागला ते मोजायचं, एवढंच त्याचं काम. सर्व्हर जिवंत आहे का हे बघायला आजही आपला हात आधी पिंगकडेच जातो.

लिनक्स आलं १९९१ मध्ये. त्याचं नेटवर्किंग आधी रॉस बायरो, मग फ्रेड व्हॅन केम्पेन आणि ॲलन कॉक्स यांनी उभं केलं. व्हॅन केम्पेन यांच्या नेट-टूल्स या संचात कमांडची नावं बीएसडीचीच ठेवली होती. युनिक्सवर हात बसलेल्यांना नव्याने काही शिकावं लागू नये, हा विचार त्या वेळी योग्यच होता.

पण त्या कमांडच्या पोटात १९८३ चं गृहीतक दडलेलं होतं: एका नेटवर्क कार्डाला एकच आयपी पत्ता. दुसरा हवा असेल तर eth0:0 असं खोटं कार्ड मांडावं लागे. जानेवारी १९९९ मध्ये लिनक्सचं २.२ कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, आलं. ॲलेक्सी कुझ्नेत्सोव यांनी त्यातला राउटिंगचा (कोणती माहिती कोणत्या वाटेने पाठवायची हे ठरवणारा) भाग नव्याने बांधला आणि कर्नलशी बोलायला नेटलिंक हा मार्ग वापरला. एका कार्डावर अनेक पत्ते, एकाहून अधिक राउटिंग टेबलं, रहदारीवर नियंत्रण हे सगळं शक्य झालं. ते हाताळण्यासाठी त्यांनी आयपीरूट-२ हा संच लिहिला. आयपी ही कमांड त्यातलीच, आणि नेटस्टॅटची जागा घेणारी एसएससुद्धा.

आयएफकॉन्फिग मात्र जुन्याच दाराने कर्नलला विचारत राहिली. त्यामुळे आयपी कमांडने जोडलेला दुसरा पत्ता तिच्या यादीत बहुतेक वेळा दिसतच नाही. माझ्या मते तिला निरोप देण्याचं खरं कारण हेच. कमांड बंद पडली तर लगेच कळतं. अर्धंच चित्र दाखवणारी कमांड माणसाला रात्रभर चुकीच्या जागी शोधायला लावते. डेबियन या लिनक्स वितरणात २०१७ च्या आवृत्ती ९ पासून नेट-टूल्स आपोआप बसत नाही. हवं असेल तर वेगळं घ्यावं लागतं.

टेलनेट वेगळ्याच कारणाने गेलं. त्यात पासवर्ड तारेवरून उघडा जाई. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी असे पासवर्ड टिपले, तेव्हा तिथल्याच तातू युलोनेन यांनी एसएसएच हे सगळं गुप्त लिपीत पाठवणारं लॉगिनचं साधन लिहिलं. फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचा पोर्ट (यंत्रावरच्या सेवेचा दार-क्रमांक) २१, टेलनेटचा २३. या दोघांची जागा घ्यायची म्हणून त्यांनी मधला २२ मागून घेतला. पुढे त्यांच्या सॉफ्टवेअरचा परवाना आवळत गेला. मग ओपनबीएसडी या मुक्त युनिक्सच्या लोकांनी एक जुनी मुक्त आवृत्ती हाती घेतली आणि १९९९ मध्ये ओपनएसएसएच दिलं. आज बहुतेक लिनक्स सर्व्हरवर तेच असतं. मुक्त परवान्याचं मोल सांगायला मला याहून चांगलं उदाहरण ठाऊक नाही.

फायरवॉलमध्येही, म्हणजे कोणती रहदारी आत-बाहेर जाऊ द्यायची हे ठरवणाऱ्या यंत्रणेतही, अशीच पिढी बदलली: आयपीचेन्स, मग २००१ च्या २.४ कर्नलबरोबर आयपीटेबल्स, आणि २०१४ च्या ३.१३ कर्नलपासून एनएफटेबल्स. इथे मात्र जुन्यांची सोय पाहिली गेली. २०१९ च्या डेबियन १० वर आयपीटेबल्स टाइप केलं तरी नियम मुळात एनएफटेबल्सकडेच जातात. आपल्या सर्व्हरवर कोणतं चालतंय हे बघायचं असेल, तर आयपीटेबल्सला तिची आवृत्ती विचारावी; कंसात एनएफ-टेबल्स असं आलं, तर काम नवीन यंत्रणेवर चाललं आहे.